बँकॉकमध्ये सहा महिने राहायचंय? आधी सोई बघा, मग खोली

भाच्यानं व्हॉट्सॲपवर अकरा लिंका पाठवल्या. "मामा, जुलैपासून सहा महिने बँकॉक. यातलं कुठलं बुक करू? रात्री बारापर्यंत ऑफर आहे." अकराही जागांच्या फोटोत गच्चीवरचा निळाशार तलाव होता, पलंगावर सहा-सहा उशा होत्या. इमारतीसमोरची गल्ली एकाही फोटोत नव्हती. म्हटलं, पैसे भरू नकोस, आधी फोन कर.

फोनवर त्याला जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो. कंपनीनं सहा-आठ महिन्यांसाठी पाठवलेले, घरच्या कुणाचे उपचार करायला आलेले, लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणारे, सगळ्यांना लागू पडेल असं. मी या शहरात तीन जागा बदलल्या आहेत आणि दोन वेळा चुकलो आहे. दोन्ही वेळा खोली चांगली होती, चूक गल्लीची होती.

गल्लीला इथं 'सोई' म्हणतात. मोठ्या रस्त्याला फुटलेली, नाव किंवा नंबर असलेली गल्ली. आपल्याकडे सोय जाणेल तो सोयरा. बँकॉकमध्ये सोई जाणेल त्याची सोय.

आधी दिवस मोजा

जागा शोधण्याआधी आपला व्हिसा किती दिवसांचा आहे ते बघा, कारण कराराची मुदत त्यावर ठरते. नोकरीवर येणाऱ्याला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, ते कंपनी बघते. २०२४ च्या जुलैमध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश खुला झाला. त्याच वर्षी लॅपटॉपवर दूरून काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा आला, ज्यात एका खेपेला १८० दिवस राहता येतं. हे आकडे सरकार बदलत असतं. त्यामुळे तिकीट काढण्याच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

हातात ६० दिवस असताना सहा महिन्यांचा करार करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मुदतवाढ मिळाली तर ठीक, नाही तर अनामत गेली.

तीन तऱ्हेच्या जागा

इथली नावं फसवी आहेत, ती एकदा समजून घ्या.

थायलंडमध्ये 'अपार्टमेंट' म्हणजे एकाच मालकाची अख्खी इमारत. तळमजल्यावर त्याचं ऑफिस, तिथंच भाडं भरायचं, तिथंच नळ गळतो म्हणून सांगायचं. 'मॅन्शन', 'कोर्ट', 'रेसिडेन्स' अशा नावांखाली बहुतेकदा हेच असतं. मॅन्शन म्हणून हवेली डोळ्यासमोर आणू नका, एका खोलीचीही मॅन्शन असते.

'कॉन्डो' म्हणजे आपली सोसायटी. प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा. इमारतीचं व्यवस्थापन तळाशी बसतं, पण तुमच्या घरातला गीझर बिघडला तर ते हात वर करतात. मालकाला किंवा एजंटला फोन करायचा. मालक कधी चियांग मायला असतो, कधी शांघायला. कॉन्डोचे करार साधारण वर्षाचे असतात. एजंटची दलाली मालक देतो, ती वर्षाच्या करारावर महिन्याभराचं भाडं इतकी असते. म्हणूनच तुम्ही 'चार महिने' म्हणालात की एजंटचा आवाज थंड होतो. त्याचं चुकत नाही, त्याला त्यात काही मिळत नाही.

'सर्व्हिस्ड अपार्टमेंट' या दोहोंच्या वरचं. एकच व्यवस्थापन, खाली रिसेप्शन, आठवड्यातून दोन-तीनदा झाडलोट, चादरी-टॉवेल बदलून, वाय-फाय आत, भांडीकुंडी आत. स्वयंपाकघर असतं, हे हॉटेलपेक्षा वेगळं. ॲस्कॉट, सोमरसेट, सिटाडिन्स, सेंटर पॉइंट, शामा ही नावं इथं वर्षानुवर्षं आहेत, आणि त्यांच्याखाली एकेका कुटुंबानं चालवलेल्या चाळीस-पन्नास खोल्यांच्या कितीतरी बिननावाच्या इमारती आहेत. माझा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे. मालकीणबाई स्वतः सकाळी लॉबीत बसतात तिथं लिफ्ट दोन दिवसांच्या वर बंद राहत नाही.

सरळ हिशेब सांगतो. तीन महिन्यांपर्यंत राहायचं तर सर्व्हिस्ड अपार्टमेंट, डोळे मिटून. वर्षभर राहायचं तर कॉन्डो स्वस्त पडतो. चार ते आठ महिने हा अडचणीचा पट्टा. त्यात सर्व्हिस्ड अपार्टमेंटच्या महिन्याच्या दरावर घासाघीस करायची. सहा महिन्यांचं बोललात तर दर खाली येतो, मात्र तो संकेतस्थळावर दिसत नाही. तिथं जाऊन, बसून, विचारावा लागतो.

आणि एक. कॉन्डोतला फ्लॅट रोजच्या भाड्यानं देणं हे हॉटेलच्या परवान्याशिवाय इथं बेकायदा आहे. २००४ चा हॉटेल कायदा महिन्याहून कमी मुदतीच्या भाड्याला हॉटेलच्या धंद्यात धरतो. कित्येक कॉन्डोंच्या लॉबीत तशी पाटीच असते. 'पहिले दहा दिवस कॉन्डोत राहून बघा, कुणी विचारलं तर मित्राकडे आलोय म्हणा' असं कुणी सुचवलं तर नमस्कार करून पुढं व्हा.

सोई

आता मुख्य गोष्ट.

बँकॉकचा सुखुमवित रस्ता घ्या, कारण नवा माणूस बहुतेक तिथंच जागा शोधतो. त्याच्या एका बाजूला विषम नंबरांच्या सोया, दुसऱ्या बाजूला सम नंबरांच्या. पण दोन्ही बाजूंची मोजणी बरोबर चालत नाही. ५५ नंबरच्या सोईसमोर, म्हणजे प्रसिद्ध थाँग लोसमोर, ५४ किंवा ५६ नाही, ३८ नंबरची सोई आहे. तेव्हा 'ऑफिस सोई ३९ मध्ये, खोली सोई ४० मध्ये, म्हणजे समोरच' असा हिशेब केलात तर रोज उन्हात चालाल.

दुसरी खोच यापेक्षा मोठी. इथल्या सोया एकमेकींना जोडलेल्या नसतात. जुन्या शेतांच्या आणि कालव्यांच्या कडेनं वाढलेलं शहर. एक सोई आत आत जाते आणि कुणाच्या तरी फाटकाशी संपते. शेजारच्या सोईत जायला परत मोठ्या रस्त्यावर यावं लागतं. जाहिरातीत 'स्टेशनपासून ४०० मीटर' लिहिलेलं अंतर कावळ्याचं असतं. माणसाचं अंतर सव्वा किलोमीटरही निघतं. नकाशात जागा टाकून 'चालत' हा पर्याय लावून बघा, आणि त्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नका.

माझी पहिली जागा अशीच होती. इमारत देखणी, स्टेशन नकाशात नऊ मिनिटं. सोईला फूटपाथ नव्हता. म्हणजे होता, दीड फुटाचा, आणि दर वीस पावलांवर विजेचा खांब त्याच्या मधोमध. खांबाला वळसा घालायला रस्त्यावर उतरायचं, मागून मोटारसायकल. सप्टेंबरात एका संध्याकाळी सहाला पाऊस लागला. सातला सोईत पोटरीइतकं पाणी. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत, वर दिव्यांनी झगमगणारी माझी इमारत. लॉबीतला पहारेकरी हसून टॉवेल घेऊन उभा होता. त्याच्याकडे टॉवेलांची चळत होती. तेव्हा कळलं, हे दर पावसाचं आहे.

म्हणून सोई तीन वेळा चाला. एकदा दुपारी एकला, एकदा संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी, एकदा रात्री अकरानंतर. दुपारी सावली किती ते कळतं. संध्याकाळी गाड्या किती तुंबतात ते. रात्री दिवे, कुत्री आणि बारचा आवाज. मे ते ऑक्टोबर पाऊसकाळ. त्यात आलात तर चांगलंच, एक धो-धो पाऊस पडून जाऊ द्या आणि मग जा. पाणी तुंबतं का हे एजंटला विचारण्यात अर्थ नाही. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घालून बसलेल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला विचारा. भाषा येत नसेल तर पायाच्या घोट्यावर हात ठेवा, मग गुडघ्यावर. तो मान हलवून बरोबर सांगतो.

हे नारिंगी जाकीटवाले सोईचा कणा आहेत. लांब सोई असली तरी तोंडाशी त्यांचा अड्डा असेल तर दहा-वीस बाथांत (बाथ हे थाई चलन) दारात सोडतात. अड्ड्यावर दरांचा फलक बघा. फलक नसेल, किंवा रात्री नऊला अड्डा उठत असेल, तर ती लांब सोई तुमच्यासाठी नाही.

खिडकीतून दिसणारी रिकामी जागा हाही सोईचाच भाग. सुखुमवितसारख्या सोन्याच्या भावाच्या जमिनीवर मधेच केळीची बाग दिसली तर चकित होऊ नका. २०२० पासून लागू झालेल्या जमीन-इमारत करात पडीक जमिनीला जास्त कर आणि शेतीला कमी, म्हणून मालक केळी लावून ठेवतात. केळी आहेत तोवर शांतता. पण प्लॉटला पत्रे ठोकून वर बांधकामाचा फलक लागलेला असेल तर तुमचे सहा महिने खांब ठोकण्याच्या आवाजात जातील. अशी खोली निम्म्या भाड्यातही घेऊ नका.

भागांबद्दल थोडक्यात. अशोक इथं बीटीएस आणि एमआरटी या दोन्ही रेल्वे मिळतात, कुठंही जायला बरं, भाडं त्या मानानं. फ्रोम फोंगमध्ये जपानी कुटुंबं पुष्कळ, म्हणून शांत आणि महाग. ऑन नुट ही सोई ७७, स्टेशनला लागून मोठी बाजारपेठ, पैसे वाचवायचे तर तिथं बघा. सिलोम-साथोर्नमध्ये ऑफिसं, सिलोम रस्त्यावर मारिअम्मनचं जुनं देऊळ आहे आणि आसपास रत्नांच्या व्यापारातली भारतीय मंडळी, त्यामुळे शाकाहारी जेवणाची ददात नाही. ज्यांना बुमरुनग्राद रुग्णालयात उपचार घ्यायचेत ते सुखुमवितच्या सोई ३ च्या आसपास जागा शोधतात. रुग्ण सोबत असेल तर सोयीचं, पण या नाना भागातली रात्र गोंगाटाची असते, खोली मागच्या बाजूची मागा. हुआई ख्वांग हा एमआरटीवरचा भाग थोडा धबडग्याचा, भाडं आवाक्यातलं. तिथं चौकातच गणपती बसलाय. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात आणि लाल सरबताच्या बाटल्या, केळी, झेंडूच्या माळा वाहतात. माझी बायको म्हणते तिथं घर घेऊ या, रोज दर्शन. मी म्हणतो रोज ट्रॅफिकही.

पहिला आठवडा

पुण्या-मुंबईत बसून सहा महिन्यांचे पैसे भरू नका, हा या सगळ्या लेखातला एकमेव हट्ट आहे. पहिले सात ते दहा दिवस ऑफिसजवळच्या परवानाधारक हॉटेलात किंवा रोजच्या दरानं खोली देणाऱ्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये काढा. कंपनीच्या एचआरला हे आधीच सांगितलं की बहुतेक मान्य करतात. 'पहिला महिना तरी बुक कर' म्हणतात तेव्हा रद्द करता येणारं बुकिंग मागा.

दिवसाला तीन जागा, त्याहून जास्त नाही. चौथ्या जागेला पहिलीचं न्हाणीघर कसं होतं ते आठवत नाही. खोलीत गेल्यावर मी काय करतो ते सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. दार बंद करून एसी बंद करायला सांगतो आणि दोन मिनिटं गप्प उभा राहतो. लिफ्टचा, शेजारच्या टीव्हीचा, रस्त्याचा, एसीच्या बाहेरच्या पंख्याचा आवाज तेव्हाच कळतो. दाखवणारी मुलगी अवघडते, हसते. हसू द्या. मग शॉवर सोडून पाण्याचा जोर आणि गरम व्हायला किती वेळ लागतो ते. मग गादीवर चक्क आडवं व्हायचं. मग कपाट उघडून नाक आत घालायचं, कुबट वास आला तर भिंतीत ओल आहे.

फोनमधलं होकायंत्र काढा. वास्तुशास्त्रासाठी नव्हे, वीजबिलासाठी. पश्चिमेकडे काच असलेली खोली दुपारी दोनपासून तापते आणि रात्री दहापर्यंत निवत नाही. उत्तरेकडची खोली घ्या, दृश्य कमी असलं तरी.

डिसेंबर ते मार्चमध्ये इथली हवा धुरकट होते, तेव्हा हवा शुद्ध करणारं यंत्र खोलीत मिळेल का विचारा. चांगल्या जागा देतात. आणि २८ मार्च २०२५ ला म्यानमारमधल्या भूकंपानं हे शहर हललं, चतुचाकमध्ये बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली, तेव्हापासून उंच मजल्यांची हौस अनेकांची फिटली आहे. त्या भूकंपानंतर इमारतीची तपासणी झाली का हे विचारायला संकोच करू नका. मी आता आठ मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यानं उतरता येतं एवढंच मला बघायचं होतं.

भाड्याचा खरा आकडा

दरपत्रकात रकमेपुढं अधिकची दोन चिन्हं दिसली तर सावध. पहिलं चिन्ह १० टक्के सेवा आकाराचं, दुसरं ७ टक्के व्हॅटचं, आणि व्हॅट सेवा आकार धरून लागतो. म्हणजे ४०,००० बाथ प्लस प्लसचे प्रत्यक्षात ४७,०८० होतात. महिन्याचा दर बोलताना 'नेट किती' एवढंच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

नंतर वीज. बँकॉकला वीज पुरवणारी सरकारी संस्था साधारण साडेचार बाथच्या आसपास युनिट लावते. पण एका मालकाच्या इमारतींत मालक स्वतःचा दर लावतो, सहा, सात, कधी आठ. मे २०१८ मध्ये पाच किंवा अधिक खोल्या भाड्यानं देणाऱ्यांसाठी सरकारनं नियम आणले, त्यात मूळ दरापेक्षा चढी वीज विकायला मनाई होती; पुढं त्या नियमांत फेरफार झाले, आणि भिंतीवरच्या कागदावर सात बाथ अजून दिसतात. महिन्याला ३०० युनिट जाळलेत तर साडेचारनं १,३५०, सातनं २,१००. एप्रिलच्या उकाड्यात रात्रंदिवस एसी चालतो तेव्हा हा फरक दुप्पट समजा. 'वीज भाड्यात धरलेली' म्हणाले तर मर्यादा किती ते विचारा. बहुतेक ठिकाणी असते, आणि ती पलंगाखाली लपलेल्या विंचवासारखी पहिल्या बिलालाच डसते.

वाय-फाय, पाणी, पार्किंग, कपडे धुण्याचं यंत्र खोलीत की तळघरात नाणी टाकून, आईवडील महिनाभर आले तर जादा पलंगाचे किती, हे सगळं एका कागदावर मांडा आणि मग बेरजा करून जागांची तुलना करा. स्वस्त कॉन्डो आणि महाग सर्व्हिस्ड अपार्टमेंट यांतलं अंतर या बेरजेत पुष्कळदा निम्मं होतं.

भाड्याची पावती कंपनीला दाखवायची असेल तर आधी सांगा. कॉन्डोचा एकटादुकटा मालक कंपनीच्या नावानं करपावती देऊ शकत नाही, काहींना तर आपलं नाव कुठल्याच कागदावर नको असतं. कंपनीच्या वतीनं येणाऱ्यांना सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्यावी लागते ती पुष्कळदा याच कारणानं.

स्वयंपाकघर

इथं आपलं आणि थाई लोकांचं जमत नाही. थाई शहरी माणूस बाहेर खातो, सोईच्या तोंडाशी त्याला पन्नास-साठ बाथांत ताट मिळतं. त्यामुळे खोलीतलं 'फुल किचन' म्हणजे दोन शेगड्यांची इंडक्शन, एक मायक्रोवेव्ह आणि कमरेएवढा फ्रिज. गॅसचा सिलिंडर उंच इमारतींत बहुतेक ठिकाणी चालत नाही. तळ इंडक्शनचा असलेला कुकर गावाहून आणा. ॲल्युमिनियमचा जुना कुकर इथं नुसताच बसून राहतो, तापत नाही. भाकरीला विस्तव नाही. ती तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची आणि फुगली तर आनंद मानायचा.

शेगडीवरच्या हुडखाली उभं राहून वर बघा. नळी भिंतीतून बाहेर गेलीय का? नसेल तर आत कोळशाचा फिल्टर आहे आणि तुमच्या फोडणीचा धूर गाळून परत तुमच्याच पलंगावर सोडला जाणार आहे. स्टुडिओ खोलीत पलंग शेगडीपासून आठ फुटांवर असतो. आम्ही पहिल्या आठवड्यात लाल मिरचीची फोडणी दिली आणि छतावरचा धूरसूचक किंचाळला. खालून दोन माणसं धावत आली, एकाच्या हातात अग्निशामक नळकांडं. बायकोनं झारा हातात धरून त्यांना पिठलं दाखवलं. तेव्हापासून आमची अट ठरली, स्वयंपाकघर वेगळं आणि मधे दार. त्याला वन-बेडरूम घ्यावी लागते, स्टुडिओत हे नसतं.

नळाचं पाणी इथं कुणी पीत नाही. सोईत नाणं टाकून पाणी भरायची यंत्रं असतात, लीटरला बाथभर. पोहे, रवा, तूरडाळ, हिंग यासाठी फाहुरात. गुरुद्वाराच्या आसपासची ही भारतीय बाजारपेठ आहे, साम योट स्टेशनवरून चालत. कोथिंबीर, ओला नारळ, मिरच्या, केळीची पानं कुठल्याही थाई बाजारात. गोडा मसाला मात्र बॅगेतून.

विजेची भोकं दोन गोल पिनांना चालतात, आपला तीन गोल पिनांचा प्लग चालत नाही. मिक्सर आणणार असाल तर अडॅप्टर आणा. न्हाणीघरात पाण्याची फवारणी असते, त्या बाबतीत युरोपसारखे हाल नाहीत.

करार आणि टीएम ३०

करार थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतो. दोहोंत फरक आढळला तर कुठला ग्राह्य, ही ओळ शोधा. बहुतेकदा थाई. रक्कम, तारखा आणि नोटिशीची मुदत हे तीन आकडे थाई मजकुरातही तेच आहेत ना, ते ऑफिसातल्या थाई सहकाऱ्याला वाचायला सांगा. अंक ओळखीचे नसतील तर थाई अंकही शिकून घ्या, दहाच आहेत.

बदलीची भीती असेल तर डिप्लोमॅटिक क्लॉज मागा. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: कंपनीनं परत बोलावलं तर ३० किंवा ६० दिवसांच्या नोटिशीवर अनामत परत घेऊन बाहेर पडता येईल. सर्व्हिस्ड अपार्टमेंट हे सहज देतात. कॉन्डोचा मालक अडतो, तेव्हा पहिले सहा महिने पक्के आणि पुढं नोटीस, अशी तडजोड होते. कॉन्डोत दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही रीत आहे. सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये बहुधा एक महिन्यात भागतं.

आता टीएम ३०, म्हणजे परदेशी माणसाच्या राहण्याची नोंद करायचा फॉर्म. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. हॉटेलं आणि बरी सर्व्हिस्ड अपार्टमेंट हे न सांगता करतात. कॉन्डोचे मालक विसरतात, किंवा ते काय असतं हेच त्यांना माहीत नसतं. पण पुढं मुदतवाढीसाठी चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात गेलात की ती पावती तुमच्याकडेच मागतात. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, 'टीएम ३० तुम्ही भरणार ना?' मालक चाचरला तर दुसरी जागा बघा. चावी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी पावती मागा, फोटो काढून ठेवा. आईवडील राहायला आले तर त्यांचीही.

सलग ९० दिवसांहून जास्त राहिलात तर पत्ता पुन्हा कळवावा लागतो, आणि ते काम तुमचं. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं. फोनमध्ये गजर लावा.

चावी घेताना, चावी देताना

सामान आत ठेवायच्या आधी मोबाइलवर एकच सलग चित्रफीत काढा, दारापासून बाल्कनीपर्यंत, कपाटं उघडून, गादी उचलून. विजेच्या मीटरचा आकडा त्यातच. मग तीच फीत रिसेप्शनच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख पक्की होते. वस्तूंची यादी देतात त्यात चमचे मोजलेले असतात, ते खरंच मोजा.

आमचे पैसे कापले गेले ते चमच्यांवरून नाही. दुसऱ्या जागेत ओटा पांढऱ्या कृत्रिम दगडाचा होता, कडेला हळदीच्या डब्याच्या बुडाएवढा पिवळा गोल उमटला. आम्हाला तो दिसतही नव्हता, सवयीचा झाला होता. मालकाच्या माणसानं बोट ठेवलं आणि अनामतीतून ओट्याचा अख्खा तुकडा बदलायचे पैसे वजा केले. हळदीचे डाग उन्हात उडतात हे मी त्याला समजावत होतो, तो हसून मान हलवत होता. इथं आवाज चढवून काही मिळत नाही. समोरचा आणखी गोड हसतो आणि विषय संपतो. आता ओट्यावर कायम एक प्लास्टिकची चटई असते.

एसी धुऊन देणं बहुतेक करारांत भाडेकरूकडे असतं. तो निघायच्या आदल्या आठवड्यात धुवून घ्या, पावती ठेवा. तपासणी विमानाच्या दिवशी ठेवू नका, किमान दोन दिवस आधी ठेवा, म्हणजे वाद घालायला वेळ राहतो. कॉन्डोची अनामत महिन्याभरानं परत करतात, तेव्हा तुम्ही नाशकात असता आणि तुमचं थाई बँकेतलं खातं बंद झालेलं असतं. पैसे कुणाच्या खात्यात यायचे ते करारातच लिहून घ्या, विश्वासातला सहकारी असेल तर त्याच्या.

भाचा गेल्या रविवारी उतरला. सध्या हॉटेलात आहे, काल सहाला पाऊस लागल्यावर छत्री घेऊन दोन सोया बघायला गेला. रात्री फोटो आला, खोलीचा नाही. नारिंगी जाकीट घातलेला एक काका हसत स्वतःच्या घोट्यावर हात ठेवून उभा.